मोठी टिकली

आमच्या खोल्यांच्या रांगेत नळापाशी भिंतीत एक आरसा बसवलेला होता. घरमालकानं तो पुरुषांच्या दाढीसाठी बसवला असणार, पण वापरायच्या बायकाच. तोंड धुवायच्या आधी कपाळावरची टिकली काढायची, आरशाच्या काठाला चिकटवायची, तोंड पुसून झालं की तीच परत कपाळाला. त्यामुळं आरशाच्या काठावर कायम चार-पाच टिकल्या असायच्या आणि कुठली कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असायचं. लांबट हिरवी पहिल्या खोलीतल्या सोलापूरच्या बाईची. बारीक काळी बिहारी भाभीची. गोल, मरून रंगाची माझी. माझी सगळ्यांत मोठी होती. सुरुवातीला नव्हती.

ही सणसवाडीची गोष्ट, तिथं एकामागून एक कारखाने उभे राहत होते तेव्हाची. माझं माहेर आणि सासर दोन्ही हिंगोलीकडचं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागं मी इथं आले. नवरा प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर, लागला, मी पॅकिंगला. इथल्या बायकांना माझं बोलणं ऐकून हसू यायचं. "काय करायलीस म्हणे! अगं, काय करतीयास म्हण की!" मीही हसायचे, पण मग दिवसभर कमीच बोलायचे. इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. नवरा चांगला होता, अजून आहे. पण आपल्या बोलीत भांडायला, आपल्या बोलीत रडायला एक बाईमाणूस लागतं.

गावाकडं मी मेण लावून त्यावर कुंकू लावायचे. माय लहानपणापासून सांगायची, बाईनं उघड्या कपाळानं झोपू नये, स्वप्नातसुद्धा उघडं कपाळ दिसू नये. पण कारखान्यात वर पत्रा आणि खाली मशीन. घाम यायचा, कुंकू ओघळायचं, मी बोटानं पुसायचे आणि तेच बोट पांढऱ्या खोक्याला लागायचं. एकदा सुपरवायझरनं तो खोका सगळ्यांना उचलून दाखवला. "बाई, हा माल परदेशात जातो. तिकडं काय ह्याची पूजा करणारेत का?" सगळी लाइन हसली. त्याच संध्याकाळी मी टिकल्यांचं पाकीट घेतलं. छोट्या होत्या, डाळीएवढ्या. मायचं ऐकून ती टिकली मी रात्रीसुद्धा काढत नसे.

वर्षभर काही झालं नाही. मग त्या जागी खाज सुटायला लागली. कपाळ लाल व्हायचं, मी खोबरेल लावायचे, थांबायचं. एका सकाळी नळावर टिकली काढली तर खाली एक फिकट ठिपका. ओल्या भिंतीवर कोरडा डाग दिसतो तसा. मी टिकली चटकन परत लावली. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी.

त्यानंतरचं सगळं मला एखाद्या मशीनसारखं आठवतं, एकाच गतीनं चाललेलं. ठिपका पांढरा झाला. टिकलीच्या बाहेर त्याची कड दिसायला लागली. मी थोडी मोठी टिकली आणली. काही महिन्यांनी कड पुन्हा बाहेर. आणखी मोठी आणली. शिक्रापूरच्या बाजारात एक कासारीण बसायची, तिच्याकडून मी टिकल्या घ्यायचे. ती एकदा म्हणाली, "आगं बाई, लईच हौस हाय की! फुडल्या बाजाराला तुझ्यासाठी बशीच आणून ठिवते." मी हसले आणि टिकली नीट चिकटणारी आहे का ते विचारलं. "चिकटंल म्हंजी? नवऱ्यापरीस घट्ट बसंल."

घट्टच हवी होती मला. सैल टिकलीची भीती वाटायची. बोलताना, वाकताना हात सारखा कपाळाकडं जायचा.

नवऱ्याला माहीत होतं की नव्हतं हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. त्यानं कधी विचारलं नाही. पण आमच्या शेजारच्या खोलीतल्या मावशींनी पाहिलं. मावशी शिरूरकडच्या, ख्रिस्ती. बालवाडीवर शिकवायच्या. त्यांचा नवरा ट्रकवर असायचा, आठ-आठ दिवस येत नसे, आणि मावशींचं कपाळ कायम मोकळं. रांगेतल्या बायका सुरुवातीला कुजबुजायच्या. सोलापूरच्या बाईनं एकदा तोंडावरच विचारलं, "नवरा असून असं वो कसं ऱ्हाता?" मावशी म्हणाल्या, "आमच्यात नाही लावत, बाई. तो गाडी चालवतो ती काय माझ्या कपाळाकडं बघून?" तेव्हापासून कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मी नळावर एकटी आहे असं समजून टिकली काढली होती. मावशी मागं बादली घेऊन उभ्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"कवापासून हाय हे?"

मी टिकली परत कपाळाला दाबली.

"कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"दाखव गं. शिरूरला कातडीचे डॉक्टर येतात पुण्याहून, आठवड्यातनं एकदा. मी येते संगं."

मी हो म्हणाले आणि गेले नाही. डॉक्टरला दाखवलं की डागाला नाव पडणार. नाव मला माहीतच होतं. आमच्या गावात एका बाईला कोड होतं. ती वेगळी राहायची, तिला वेगळं वाढायचे, आणि तिच्या पोरींना कुणी मागणी घालायला आलं नाही. डॉक्टरनं तो शब्द उच्चारेपर्यंत माझ्या कपाळावर नुसता डाग होता. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या धाकट्या बहिणीचं जमत होतं.

ते स्थळ मीच आणलं होतं. नवऱ्याच्या ओळखीतनं. आमच्याकडचीच माणसं, पण मुलाचे वडील रेल्वेत होते म्हणून सगळं घर दौंडला. मुलगा दौंडलाच एका दुकानात हिशेबाला. मुलाच्या घरच्यांनी गावाकडं जाऊन मुलगी पाहिली, त्यांना पसंत पडली. मला किती आनंद झाला ते कसं सांगू. दौंड म्हणजे सणसवाडीहून सकाळी निघालं तर जेवायला पोचावं असं. माझी बहीण तिथं येणार. सणावारी मी तिच्याकडं जाणार, ती माझ्याकडं. मला अक्का म्हणणारं कुणीतरी हाकेवर असणार. मी मनातल्या मनात तिच्यासाठी शिक्रापूरच्या बाजारातली भांडीसुद्धा निवडून ठेवली होती.

कुंकू लावायचा कार्यक्रम मुलाच्या घरी दौंडलाच ठरला. माय, मामा आणि बहीण गाडीनं आले, मी आणि नवरा इकडून गेलो. निघताना मी नवी टिकली लावली, पाकिटातली सगळ्यांत मोठी, आणि दोनदा बोटानं दाबली.

उन्हाळा होता. घरात माणसं खूप, पंखा एक. बहिणीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, साडी दिली. ती खाली मान घालून बसली होती, पण मधेच माझ्याकडं बघून भुवई उडवली, लहानपणी उडवायची तशी. मग मुलाची आत्या हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बायकांना लावत निघाली. आत्या मोठी गमतीची होती, प्रत्येकीला काहीतरी बोलायची. माझ्यापाशी आली.

"ही थोरली व्हय? आगं, सगळं कपाळ तर तूच घेतलंस, आमच्या कुंकवाला जागा कुठं?"

बायका हसल्या. मी म्हणाले, "खाली लावा की, आत्याबाई."

"खाली कशापायी? काढ ती. घामानं निम्मी सुटलीच हाय. नवी देते, पाकीट हाय ताटात."

आणि मी हात वर न्यायच्या आत तिनं नखानं टिकली उचलली.

कुणी ओरडलं नाही. मला वाटत होतं ओरडतील. आत्याचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळापासून चार अंगुळांवर थांबलं आणि तसंच परत ताटात गेलं. टिकली तिच्या दुसऱ्या हाताच्या नखाला चिकटली होती. ती तिनं झटकायचा प्रयत्न केला, पण सुटेना. कासारणीनं सांगितलं होतं ते खरं होतं. शेवटी तिनं ती ताटाच्या काठाला पुसली.

मुलाची आई उठून आली. तिनं नीट पाहिलं, वाकून, जसं लहान मुलाच्या डोळ्यात गेलेलं पाहतात. "किती दिस झालं?" तिनं हळूच विचारलं. मी मायकडं पाहिलं. मायला यातलं काहीच माहीत नव्हतं. माय माझ्या कपाळाकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

त्यानंतरही पोहे आले. चहा आला. मुलाच्या वडिलांनी मामांना पावसापाण्याचं विचारलं. सगळं नीट, माणुसकीनं झालं. दारात निरोप देताना ते म्हणाले, "कळवतो मग."

आमच्याकडं मुलीच्या घरच्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

दौंडच्या फलाटावर गाडी यायला वेळ होता. बहीण नळावर पाणी प्यायला गेली आणि किती तरी वेळ तिथंच उभी राहिली. माय बाकावर माझ्याशेजारी बसली होती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पदरानं माझं कपाळ पुसत राहिली, डाग पुसून निघेल असं वाटून. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंस माय, तर तुला आणलं नसतं."

पुढच्या आठवड्यात मावशींनी मला न विचारता बालवाडीतून सुट्टी काढली आणि शिरूरच्या गाडीत बसवलं. त्यांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार ते मला माहीत नाही. वाटेत मी म्हणाले, आता दाखवून काय उपयोग. त्या म्हणाल्या, "बहिणीचं झालं ते झालं. तुझं तोंड तुलाच धुवायचंय रोज."

डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी टिकली काढायला सांगितली, दिव्याखाली धरून डाग पाहिला, मग टिकलीच उलटी करून तिच्या मागचा गोंद पाहिला.

"ही मोठी टिकली आधीपासून लावता?"

"नाही. आधी लहान होती."

"मग मोठी का घेतली?"

"डाग झाकायला."

"आणि डाग तेवढा झाला?"

"हो."

"मग आणखी मोठी घेतली."

त्यांनी टिकली माझ्या हातात ठेवली आणि सांगायला लागले. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, ते काही जणींच्या कातडीला सोसत नाही, त्यानं त्या पेशी मरतात. खाज येत होती ती तीच खूण होती. सगळ्या बायकांना होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. हा महारोग नव्हे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हात लावल्यानं, ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं हे दुसऱ्याला होत नाही.

मी हातातल्या टिकलीकडं बघत होते. इतके दिवस मी ज्याच्यामागं लपत होते तेच मला पांढरं करत होतं. जितकं झाकलं तितकं वाढवलं.

"म्हणजे हे कोड नव्हे?" मी विचारलं.

"लोक यालाही कोडच म्हणतील," डॉक्टर म्हणाले. "तुमचं सुरू झालंय ते गोंदामुळं. टिकली बंद करा, मलम देतो. रंग परत येऊ शकतो, पण पूर्ण येईलच असं मी म्हणणार नाही. कधी कधी हे एकदा सुरू झालं की दुसरीकडंही उमटतं. लक्ष ठेवा."

"मग कपाळाला काय लावू?"

"सध्या काही नको."

"पण मला नवरा आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरून मान वर केली. मागून मावशी म्हणाल्या, "मलाही हाय की." आणि त्या हसल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मलाही हसू आलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डबा घासत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काढून टाक. मी जिता हाव का न्हाई ते मला कळतंय ना?" मग, माझ्याकडं न बघता, "मला दिसलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो." त्या माणसाच्या जागी दुसरा असता तर मी आज कुठं असते, हा विचार मी पुरा करत नाही.

मी उघड्या कपाळानं नळावर जायला लागले. बायकांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, गोंदानं झालंय म्हणून. सोलापूरच्या बाईनं "आगं बया" म्हणून कपाळाला हात लावला. बिहारी भाभी म्हणाली, "दूध के साथ मछली खाई होगी." मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आरशाचा काठ स्वच्छ. एकही टिकली नाही. टिकल्या सगळ्यांच्या कपाळावर होत्याच, फक्त तोंड धुताना त्या आता आपापल्या दाराच्या चौकटीला चिकटवायच्या. मी एवढं सांगूनही त्यांनी टिकली सोडली नाही, आरसा सोडला. मावशी मात्र रोज माझ्या शेजारी उभ्या राहून त्याच आरशात वेणी घालायच्या, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.

माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. हे लागत नाही, हे गोंदाचं आहे, म्हणजे बहिणीचं मोडायचं कारणच उरलं नाही. जाऊन सांगितलं पाहिजे. मावशी म्हणाल्या, जाऊ नको. नवरा म्हणाला, जाऊ. आम्ही रविवारी दौंडला गेलो.

मुलाची आई एकटीच घरी होती. तिनं आत घेतलं, पाणी दिलं. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जसंच्या तसं, पाठ केल्यासारखं. पेशी, रसायन, लागत नाही. ती बाई खरंच ऐकत होती. तिचा हात तिच्या कपाळाकडं गेला, तिचीही टिकलीच होती, आणि खाली आला.

"पटतंय गं मला," ती म्हणाली. "पोरगी बी आम्हाला आवडली व्हती. त्याचा बाप तर आजून नाव काढतो तिचं."

मी हात जोडले.

आणि तिनं माझ्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. पाहतच राहिली. "ह्ये काय गं, बोटावर?"

उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं होतं. मी ते त्या क्षणापर्यंत पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं आणि भाजल्याची खूण समजून सोडून दिलं होतं, आता सांगता येत नाही.

"ह्ये बी टिकलीनंच का?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरीकडंही उमटतं. पण ते मी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते मला लक्षात ठेवायचंच नव्हतं. आता सांगितलं तर ते बनवल्यासारखं वाटलं असतं. मी हात पदराखाली घेतला. नवरा म्हणाला, "निघतो आम्ही." ती दारापर्यंत आली. म्हणाली, "राग धरू नगंस. मला येकटीला पटून भागतंय व्हय? मी किती जणांस्नी बसवून सांगू?"

परतीच्या वाटेवर नवऱ्यानं माझा तो हात स्वतःच्या हातात धरून ठेवला, एसटीत, सगळ्यांसमोर. आमच्यात तसं करत नाहीत.

बहिणीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. गावाकडचंच, पार नांदेडच्या पलीकडचं स्थळ. मायनं शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप दिला, ऊन फार आहे, प्रवास लांबचा आहे, तब्येत सांभाळ. मला कळलं. मी म्हणाले, खरंच गं माय, सुट्टीही मिळत नाही. नवऱ्याला मी म्हणाले, आपण जाऊ नये. त्या दिवशी मी कामावर गेले. अक्षता पडायच्या वेळेला मी खोक्यांना पट्टी लावत होते.

कपाळावरचा रंग नंतर थोडा परत आला, मधूनमधून, करड्या ठिपक्यांनी. बोटांचा नाही आला. पुढं ओठांच्या कडेलाही उमटलं. डॉक्टरांनी खोटं सांगितलं नव्हतं, एवढंच समाधान. आताही रोज सकाळी आधी हात बघते, मग तोंड धुते.

बहिणीचा फोन पहिल्यांदा आला तो तिच्या सासरच्या घरात फोन बसल्यावर. घरमालकाच्या फोनवर तिनं मला बोलावून घेतलं. आवाज तोच. "अक्का, कशी हायस?" आम्ही दोघी आधी नुसत्याच हसलो. मग ती म्हणाली, "मी टिकली सोडली बरं का. मेणावर कुंकू लावते, मायसारखं. सासू तर सगळ्यांना सांगत फिरती, सून जुन्या वळणाची मिळाली म्हणून. कामून सोडली ते तिला काय ठाऊक!"

मला इतकं बरं वाटलं. ते गोंदाचं तिला मीच पत्रात लिहून कळवलं होतं. निदान तिच्यापर्यंत तरी ते पोचलं होतं आणि तिनं मानलं होतं.

तेवढ्यात तिच्या मागून एका बाईचा आवाज आला, "कोणाचा फोन हाय?"

बहीण फोनपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "मैत्रीण हाय, माहेरची."

मग मीही मैत्रिणीसारखीच बोलले. यंदा शेतात काय पेरलं ते विचारलं, सासऱ्यांच्या गुडघ्याचं विचारलं. तिनं सगळं नीट सांगितलं. फोन ठेवताना ती अक्का म्हणाली नाही. मीही वाट पाहिली नाही.